बाबांचा हिरवा दिवा

आमचं काम म्हणजे खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहणं. गोंदियातल्या राइस मिली, सराफांची दुकानं, एटीएम, सगळीकडे आमच्या अलार्मच्या पेट्या. कुठे दार उघडलं की पेटी निरोप धाडते. तो आमच्या रिसीव्हरवर येतो, तिथून कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरने ‘मिळालं’ अशी कमांड उलट धाडली की तिकडे पेटीवर हिरवा दिवा लागतो. तोवर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि पेटी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत बसते. इतकी चिकाटी माणसांत असती तर माझा फोन एवढा गप्प राहिला नसता.

आई गेल्यावर बाबा बोदलकसाजवळच्या गावात एकटे राहिले आणि मी कुडव्यातल्या भाड्याच्या खोलीत एकटा. फोनवर आमचं बोलणं ‘जेवला का?’ ‘जेवलो’ एवढ्यावर आटपायचं. एका दुकानातून काढलेली जुनी पेटी मी साहेबांना विचारून बाबांच्या दाराला बसवली. चोर तिथून काय नेणार होता? मला फक्त ते सकाळी उठले एवढं कळायला हवं होतं.

पुढे ते दार भलत्याच वेळी उघडू-मिटू लागलं. मी फोन करून विचारलं, "बाबा, दार बिघडलं काय?"

"नाई ना. दार उघडलो का हिरवा लाइट लागते. मंग मले समजते, तू पाहून रायला."

‘बरं’ म्हणून मी फोन ठेवला. ते उत्तर मी धाडतच नव्हतो. मी चहाला गेलो असलो तरी कॉम्प्युटर आपोआप धाडायचा. फार वाईट वाटलं. त्याच दिवशी मी त्या एका दाराची कमांड बदलली. आता मी बटण दाबीन तेव्हाच उत्तर जाणार. बाबांचा निरोप आला की हातातलं काम टाकून बटण दाबायचो. कधी उशीर व्हायचा. ड्युटी संपली की ते दार पुन्हा आपोआपवर टाकायचो आणि खोलीवर जायचो. तिथे मला विचारणारं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेसाठी गावी गेलो तेव्हा निघायच्या घाईत ते दार आपोआपवर टाकायचं राहून गेलं. बाबांनी कोंबडा शिजवला होता. जेवणं झाली. ते उठले, दार उघडून मिटलं आणि पेटीसमोर उभे राहिले. लाल दिवा लुकलुकत होता.

"काऊन नाई लागून रायला?"

"बाबा, मी इथंच आहो ना. तिकडं बटन कोण दाबन?"

"हो, हो," म्हणत ते बसले. थोड्या वेळाने सवयीने पुन्हा उठले. दार उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाठ करून ते त्या लाल दिव्याकडे बघत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "कामात असन तो."