बायकांच्या बाल्कनीची मावशी

“आधी बूड टेका, मग बोला!” बॅटरी कठड्यावर आपटत मावशी ओरडायची आणि अख्खी बाल्कनी खाली बसायची.

भिवंडीच्या त्या थिएटरात मी तिकीट खिडकीवर होतो, ती बायकांच्या बाल्कनीची डोअरकीपर. जवळच्या राहनाळ गावातल्या शेतकरी घरातली, साठीला टेकलेली. रागावली तरी आपली वाटणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका जुन्या संगीतपटावर तिचा भारी जीव. तो आमच्याकडे पुन्हापुन्हा लागायचा. पडद्याकडे पाठ असली तरी पुढचं गाणं कोणतं, हे ती आधीच सांगायची. तोच सिनेमा नव्याने निघाला, त्यात नायक म्हणून एक पॉप गायक. शुक्रवारी लूम बंद, माग कामगारांना सुट्टी, त्यामुळे तीनचा शो हाउसफुल्ल. मावशी नवं लुगडं नेसून ड्युटीवर आलेली.

अर्ध्या तासाने खिडकी बंद करून मी वर गेलो, तर तिचं तोंड उतरलेलं. “पोरगा गातो ब्येस. पन हसला की दाढ दुखल्यावानी दिसतं रं.”

खाली पब्लिक तापलं होतं. तिच्या लाडक्या गाण्याचा नुसता धांगडधिंगा सुरू झाला, तशी पहिली खुर्ची मोडली. “पैसा वापस!” कुणीतरी पडद्यावर बाटली फेकली. पिक्चर बंद पडला. पाठोपाठ आरोळी आली, “आग!”

मी बाल्कनीबाहेर जिन्यापाशी होतो. मावशीने आतून धाडकन कडी लावली. बायका किंचाळत दारावर धडका मारू लागल्या.

“मावशी, दार उघड!” मी ओरडलो.

“आग हाय का? तुझ्या डोल्यांनी बघून ये.”

मी अर्धा जिना उतरलो. धूर कुठेच नव्हता. पण तळाशी पुरुष एकमेकांवर चढले होते; बाहेरचं जाळीचं गेट अर्धंच उघडलं होतं. कुणाचा तरी हात खालून वर आला आणि दिसेनासा झाला. मी वर पळालो.

“आग न्हाय मावशी! पण जिना तुंबलाय. उघडू नको!”

आत कुणी तिला शिव्या देत होतं, कुणी लेकरासाठी रडत होतं. त्या कल्लोळातून तिचा आवाज आला, “आग न्हाय! आधी बूड टेका!” मग ती जुनं गाणं म्हणू लागली. बेसूर, पण शब्द चुकत नव्हते. दोन-तीन बायकांनी सूर धरला. दारावरच्या धडका हळूहळू थांबल्या.

जिना मोकळा झाल्यावर मी हाक दिली. एकमेकींचा पदर, ओढणी धरून बायका रांगेने उतरल्या. एकीलाही खरचटलं नाही. मावशीच्या हातावर मात्र नखांचे ओरखडे होते, बांगड्या फुटलेल्या. मी चहा दिला, तो तिने बाजूला ठेवला.

“तू चुकीचं बघितलं असतंस तर रं?” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढेही नाहीच. मॅनेजरने त्या जागी पुरुष नेमला आणि बायका कमी येऊ लागल्या.

महिन्याभराने मी राहनाळला गेलो. मावशी घरात तांदूळ निवडत होती. निघताना मी सवयीने दार ओढून घेतलं.

आतून ती घाबरून ओरडली, “लावू नको! उघडं र्‍हाऊ दे.”