“नापास करू का?” विचारणारी फ्लॉपी

“दोन दिवस झाले, तुमचा कॉम्प्युटर आमच्या मुलांना नापास करू का म्हणून विचारतोय,” बदलापूरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक फोनवर तापले होते. “शाळा माझी आहे का त्याची?”

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी उल्हासनगरच्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत होतो. शाळेला मशीन आम्हीच दिलं होतं. बिघडलेल्या फ्लॉपीवरची माहिती वाचून काढणारा एक प्रोग्रॅमही मी लिहिला होता आणि त्याचा मला भलताच गर्व होता. निघताना आमचे शेठ म्हणाले, “साईं, फ्लॉपी मर गया हो तो नया डब्बा बेचके आना.”

शाळेत पोचलो तर मामला गंभीर. नववी ‘ब’चे वार्षिक परीक्षेचे मार्क एकाच फ्लॉपीवर, दुसरी प्रत नाही. आणि आता कॉम्प्युटर आला, कागद कशाला, म्हणून सरांनी उत्तरपत्रिका आणि गुणांच्या याद्या मोठ्या उत्साहाने रद्दीत घातलेल्या. परवा निकाल. मार्क निघाले नाहीत तर अख्ख्या वर्गाची परीक्षा पुन्हा.

“पालक मला फाटकावरच धरतील हो,” सर म्हणाले.

शाळेच्या क्लार्क शेलारबाई मशीनसमोर बसून एकच बटण दाबत होत्या. पडद्यावर प्रश्न होता : अबॉर्ट, रिट्राय, फेल? फ्लॉपीचा एखादा तुकडा वाचता आला नाही की मशीन असं विचारतं. काम सोडून देऊ, परत वाचून बघू, की हा तुकडा जमला नाही म्हणू? त्या ‘फेल’चा मुलांशी काडीचा संबंध नसतो.

“बाई, केव्हापासून रिट्राय दाबताय?”

“सकाळच्या प्रार्थनेपासून. मग काय, फेल दाबून पोरांना नापास करू? पेपर काय मी तपासलेत? आणि त्या पहिल्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघितला साहेब. तो शाळेत बोलण्यासारखा नाय.”

मी हसू कसंबसं आवरलं. “उठा बाई, हे जाणकाराचं काम आहे.”

माझा प्रोग्रॅम लावला. त्याने तीन वेळा वाचून बघितलं आणि जाहीर केलं, फ्लॉपी बाद. मी तेच सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, वर निर्लज्जासारखा नव्या फ्लॉप्यांच्या डब्याचा विषयही काढला. सर डोकं धरून फेरपरीक्षेचं वेळापत्रक लिहायला बसले. गणिताचे सर गावी गेलेले. त्यांच्या जागी चित्रकलेच्या सरांचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

तेवढ्यात शेलारबाई दारात आल्या. मी उठल्यावर त्या पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या.

“सर, ते विचारायचं थांबलं. मार्क दिसतायत.”

मी पळतच गेलो. आधी सगळे मार्क कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतले, मग जुनी बाहेर काढली, तर बोटं पांढरी झाली. बाईंनी ती सांभाळून ठेवली होती, खडूच्या खोक्यात. फ्लॉपीच्या कव्हराला आतून मऊ कापड असतं. आतली तबकडी फिरते तशी त्यावर पुसली जाते. मी तीन प्रयत्नांत हात टेकले होते. बाईंनी सकाळपासून ती फिरवून फिरवून खडूची पूड पुसून काढली होती. मला मनातून चांगलीच लाज वाटली.

निकाल वेळेवर लागला. आठजण नापास निघाले. बाई फार हळहळल्या, पण “माझ्या हातून नाय झालं,” हे त्यांनी सरांकडून दोनदा कबूल करून घेतलं.

ऑफिसात येऊन मी प्रोग्रॅममधला तीनचा आकडा खोडून शंभर घातला. शेठनी विचारलं, “पहले तीन क्यूं रखा था?”

फ्लॉपी किती वेळा वाचून बघावी, याचा कुठे नियम नव्हता. माझाच दम तिनात संपायचा आणि मी तो फ्लॉपीच्या नावावर खपवत होतो.