बत्तीस लावे

लाव्यांच्या शिकारीवरची बाबांकडे दोनच पुस्तकं होती. एकाला पुठ्ठा नव्हता, दुसऱ्याला शेवट नव्हता. तरी चिपळूणच्या आमच्या घरात पोथीखालोखाल त्यांचाच मान. बिनपुठ्ठ्याचं माझं लाडकं. लिहिणारा कोणी निवृत्त फॉरेस्टवाला असावा. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी, पण हा गडी असा थाटात लिहितो, वाघच मारलाय जणू! बाबा जेवताना मोठ्याने वाचत आणि आई म्हणे, "आधी ताटातला बांगडा संपवा, मग लावे मारा." दुसऱ्या पुस्तकाला मात्र बाबा कोणाला हात लावू देत नसत.

बाबा शाळेत क्लार्क होते. पण तरुणपणी एका सकाळी त्यांनी बत्तीस लावे पाडले होते, हे आमच्या अख्ख्या गणगोताला पाठ होतं. मी इलेक्ट्रिशियन झालो तेव्हा म्हणाले, "जोड वायरी. शिकारीला छाती लागते." ते मला अजून टोचतं. पन्नाशी आली, केस गेले, पण त्यांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायची हौस काही जात नाही. सांगायला लाज वाटते, पण आहे ती आहे.

मी सौदीत तबूकला एका शेतावर असतो. शेताला पाणी देणारे लांबच लांब लोखंडी पाइप चाकांवर गोल फिरतात, त्यांच्या मोटारी आणि टायमर माझ्याकडे. उन्हाळा सरला की लावे उत्तरेकडून येतात आणि आमच्या लसूणघासात उतरतात. यंदा कफील, म्हणजे आमचा अरब मालक, म्हणाला, उद्या शुक्रवार, सकाळी शिकार, हाका घालून पाखरं उठवायला चार माणसं पाहिजेत. बंदूक त्याची, लायसन त्याचं. मी लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले, "किती पडले ते उद्या दुपारी सांग."

झालं! अंगात आलं माझ्या. कफीलला मी मोडक्या अरबीत पण पूर्ण मास्तरकीने सांगितलं की हाका घालायचाच नाही. पुस्तकात लिहिलंय, पालथं पडून मादीसारखी शिट्टी घालायची, नर आपल्या पायांनी चालत येतो. बाकीच्या तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू याला ऊन लागलंय. पण कफील पालथा पडला, म्हणून आम्हीही पडलो.

मी शिट्टी घातली. आणि आईशप्पथ, समोरून उत्तर आलं! मग डावीकडून. गवत हलायला लागलं. कफीलने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. छाती फुगली माझी.

तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. ती मी झोपेतही ओळखतो. सहाचा टायमर. मीच लावलेला, मीच विसरलेला. उठेपर्यंत पाइप डोक्यावर आला आणि आम्हा पाचही जणांना धो धो आंघोळ घालून गेला. लावे भुर्रकन उडाले, किती ते मोजायलाही डोळे उघडेनात. कफीलचा पांढराशुभ्र पायघोळ तोब अंगाला चिकटला होता. त्याने पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "खलास" म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

दुपारी बाबांनी विचारलं, "किती?"

"बत्तीस." तोंडातून गेलंच.

मग म्हणाले, "दुसरं पुस्तक, पान एकशे अठरा, खालून तिसरी ओळ."

"म्हणजे?" मी विचारलं.

"गाढवा, माझे बत्तीस मी तिथूनच उचलले होते. जन्मात एक लावा नाही मारला मी."

असा संताप आला! उभा जन्म या माणसाने मला त्या बत्तीस पाखरांखाली दाबून ठेवलं. "मग छाती लागते म्हणालात ते?" मी ओरडलोच.

"मला नव्हती. म्हणून तर माहीत." मग म्हणाले, "आता खरं काय झालं ते सांग."

सांगितलं. शिट्टी, टायमर, तोब, सगळं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने फोन घेतला आणि माझ्यावरच खेकसली, "काय रे सांगितलंस यांना?" मागून बाबांचा आवाज आला, "दे इकडे, दे! हे कुठल्याच पुस्तकात नाही." खोकत खोकत ते परत फोनवर आले.

"शाब्बास," म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग. शिट्टीपासून."