शाहिराची टाच

बाबांना खुर्चीवर बसवण्याची अक्कल माझीच. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

हिंगणघाटच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या खडी गमतीचे बाबा शाहीर. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं शाहिरी केली. खडी गंमत म्हणजे सगळं उभ्यानं. समोर शाहीर, बाजूला ढोलकीवाला, मागे तुणतुणं वाजवत शाहिराची ओळ उचलून धरणारे, म्हणजे झील देणारे झीलकरी, साडी नेसून नाचणारा एक पुरुष, आणि भोवती गाव. ना मंच, ना पडदा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी बाबांना वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला माझ्या घरी आणलं. मी शाळेत गणित शिकवते. चूक दिसली की लाल पेन चालवायची सवय आहे, ती घरातही सुटत नाही.

आमच्या वरच्या खोलीत एक परदेशी मुलगी भाड्यानं राहते, हिंदी शिकायला आलेली. तिला बाबांचं भारी कौतुक. उभं राहूनच गायचं हे कुणी ठरवलं, असं तिनं एकदा विचारलं. बाबांनी त्यांच्या गुरूंकडून ऐकलेलं सांगितलं: भर बाजारात बसलेला माणूस कुणाला दिसत नाही, आणि आपणच टेकलो तर लोक कशाला थांबतील? ती म्हणाली, तिच्या देशातही एकटी बाई उभी राहून तासन् तास गोष्ट गाते, शेजारी एकच ढोलवाला, आणि ऐकणारे मधूनमधून ओरडून तिला बळ देतात. तीही कला म्हणे बाजारातूनच आली. त्या बाईच्या गुडघ्यांचं काय, असं बाबांनी अगदी मनापासून विचारलं.

मग वर्ध्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून मी आयोजकांना परस्पर सांगून खुर्ची ठेवायला लावली. बाबा म्हणाले, मले बसून नाई जमत. काऊन नाही जमत, असं मी दोनदा विचारलं. त्यांना काही सांगता येईना. कारण नाही म्हणजे नुसता हट्ट, असं मी धरून चालले आणि त्यांना बसवलं.

पहिली ओळ बाबांनी अशी काही घेतली की माझ्याच अंगावर काटा आला. पण मागून झील आलीच नाही. आली ती उशिरा. दुसऱ्या ओळीला इतकी घाईनं आली की बाबांचा शब्द तिच्याखाली दबला. तिसऱ्या ओळीला ते थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कीव करून वाजवलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम आटोपल्यावर ढोलकीवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "टाच दिसली नाई, बाई. बसलेल्या माणसाची टाच कशी दिसन?"

तेव्हा कळलं. ओळ संपता संपता बाबांची उजवी टाच उचलली जाते, आणि ती खाली टेकली की त्याच मात्रेवर झील सुरू होते. मागच्यांना शाहिराचं तोंड दिसतच नाही, ते पायाकडे पाहून गातात. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं, आणि बाबांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता! वारसा, परंपरा वगैरे भाषणं मी पोत्यानं ऐकली आहेत. एकानं दुसऱ्याच्या टाचेवर नजर ठेवून ही गंमत इथवर आणली, हे एकाही भाषणात ऐकलं नव्हतं. वरच्या मुलीला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. त्यांचा ढोलवाला म्हणे गाणाऱ्या बाईच्या श्वासाकडे पाहतो.

बाबांनी मात्र गमतीचं तुणतुणं माळ्यावर टाकून दिलं. त्यातच एक झीलकरी मुलाकडे पुण्याला राहायला गेला. राहिला एक, आणि एकट्यानं झील पेलत नाही. बाबा म्हणाले, झालं माह्यं. त्यांचा तो पडलेला आवाज मला सहन होईना. बसवलं मी, तर उभंही मीच करणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

तुणतुणं खाली काढलं आणि सांगितलं, झीलकरी मी होणार. बाबा उडालेच. आजवर बाई गमतीत उभी राहिली नाही, म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

"बाप्या साडी नेसून नाचला तर चालते, अन् साडीवाली उभी राह्यली तर नाई चालत?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन स्वतःच गच्चीवर जाऊन उभे राहिले.

हिवाळाभर शाळेआधी आमची तालीम चालली. मी सगळी कवनं वहीत उतरवून घेतली होती. वहीत पाहिलं की टाच हुकायची. शेवटी बाबांनी वही काढून घेतली आणि खाली पाहा म्हणाले. पुढं पुढं त्यांची ती भेगाळलेली टाच माझ्या डोळ्यांतच बसली. फळ्यावर गणित लिहितानाही मला ती दिसायची.

गावात बाजाराच्या दिवशी दुपारी आमची गंमत उभी राहिली. बाबा पुढे, काठी टेकून. मी मागे, त्या जुन्या झीलकऱ्याच्या शेजारी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू दे, म्हटलं. चार ओळी झाल्या आणि हसू थांबलं. भाजीवालीसुद्धा तराजू ठेवून उभी राहिली.

अर्ध्यात बाबांचा गुडघा लटपटला. कुणीतरी स्टूल घेऊन धावलं. बाबांनी हातानंच नको म्हटलं आणि मागे वळले. शाहीर कधी मागे वळत नाही. ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"तू समोर जाय. मांगं मी आहो, पाहू नको."

मी पुढे झाले. ओळ घेतली, आणि ती संपता संपता उजवी टाच उचलली. मागे पाहायची इतकी इच्छा झाली की मान आखडली. नाही पाहिलं. टाच टेकली, आणि त्याच मात्रेवर मागून बाबांचा आवाज आला. मी पुढची ओळ घेतली.