सूर बघून घ्या, बाई

घराबाहेर पडताना मी कुलूप तीनदा ओढून बघते. दूधवाल्याचं माप तिरकं झालं का, हे दाराआडून बघते. कुणी फार गोड बोललं, तर याला आपल्याकडून काय पाहिजे असेल, हा विचार आधी येतो. आई म्हणायची, "हिच्या कुंडलीत शनी न्हाई, संशय बसलाय." लातूरच्या वाचनालयात नोकरी लागली तेव्हा मात्र हा दुर्गुण गुणात जमा झाला. परत आलेलं पुस्तक मी पान न् पान चाळून घ्यायची. चित्र फाडलेलं सापडलं की फाडणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. पोरं मला टरकून होती आणि मला त्याचं बरं वाटायचं.

तेव्हा लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि जुन्याच भिंतींवर ओल्या रंगातल्या नव्या पाट्या. गावात कोण कुठून आलंय तेच कळेना, त्यामुळे माझ्यासारखीला तर कामच काम. त्यात पाऊस नाही. रविवारी सकाळी वाचनालयासमोर पाण्याचा टँकर यायचा. पोरं घागरी, कळशा, तेलाचे डबे रांगेत ठेवून आमच्या व्हरांड्यात सावलीला बसायची. टँकर नऊला म्हणून सांगायचे आणि बाराला यायचा. नाहीतरी पोरं बसलेलीच असतात, तर त्यांना गाणी शिकवू, असं वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं. बालविभागात एक जुनी पेटी पडून होती. कुणा वकिलांनी मरणाआधी वाचनालयाला देऊन टाकलेली. ती वाजवायला पेटीवाले चाचा आले.

चाचा साठीचे असतील. गंजगोलाईच्या बाजारामागे एका बोळात ते पेट्या आणि तबले दुरुस्त करायचे. सायकलवरून यायचे, टोपी नीट करायचे, पोरांना "लेकराहो" म्हणायचे आणि पहिला सूर धरायचे. शिकवायचं मोल घेणार नाही म्हणाले. मला तिथेच खटकलं. या उन्हात, दर रविवारी, फुकट? कोण करतं?

पुढे उन्हाळा तापला तशी पेटी हवा खायला लागली. भाता कितीही मारला तरी आवाज दमेकऱ्यासारखा. चाचा म्हणाले, "दुष्काळात लाकूडबी आटतंय बाई. चामडं चिरलंय. आठवडाभर घरी नेतो, नीट करून आणतो." नव्या साहेबांच्या हस्ते बालविभागाचं उद्घाटन ठरलं होतं आणि पोरं तिथे गाणार होती, त्यामुळे पेटी नीट होणं भागच होतं. मी हो म्हटलं.

ते गेल्यावर शिपाई माझ्या टेबलाशी आला. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. हवा लागली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. दुरुस्तीवाले त्या पट्ट्यांनाच 'सूर' म्हणतात. शिपाई म्हणाला, "जुनी पेटी हाय बाई. आतले सूर परदेशी हायेत. हे लोक सूर काढून घेतेत अन् हलके बसवतेत. आपल्याला काय कळतंय?"

हे लोक म्हणजे कोणते लोक, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि ते मला पटलंही होतं. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

शनिवारी दुपारी वाचनालय बंद झाल्यावर मी शिपायाकडून पेटीची वरची फळी उचलून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. चुलत बहिणीच्या लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये होतीच. माझी नखंही त्याच रंगाने रंगवलेली होती. पाच सुरांच्या अगदी टोकाला मी मोहरीएवढा एकेक ठिपका दिला. टोकाला अशासाठी, की चटकन दिसावा. फुंकर मारून वाळवला, फळी बसवली आणि मोठ्या हुशारीने घरी गेले. दुसऱ्या दिवशी चाचा पेटी सायकलला बांधून घेऊन गेले.

पेटी परत आली ती उद्घाटनाला आठच दिवस उरले असताना, शनिवारी संध्याकाळी. चाचा निघून गेल्यावर मी पुन्हा फळी उचलली. एकाही सुरावर लाल ठिपका नव्हता. मी कंदिलासारखी बॅटरी धरून पुन्हा बघितलं. नव्हताच. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. संशय खरा ठरल्याचा आनंद फार वाईट असतो.

रविवारी पोरं जमली. मी मुद्दाम त्यांच्यासमोरच विचारलं. एकटं गाठून विचारायची माणुसकी मला सुचली नाही.

"चाचा, पेटीतले सूर बदललेत तुम्ही."

"न्हाई बाई. भात्याला नवं चामडं लावलं. सूर तेच हायेत."

"तेच असते तर मला कळलं असतं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग पोरांकडे. पेटीवरून एकदा हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सांगणार नव्हतो. पाच सुरांच्या टोकाला कुणीतरी लाल रंग लावला होता. टोकाला जरा जरी वजन पडलं तर सूर उतरतो, बाई. मला वाटलं, माझंच काम चुकलं. दोन दिवस भाताच उसवून बघत राहिलो. मंग रंग दिसला. खरवडून काढला अन् पाचीबी सूर परत मिळवले. लेकरांचा खेळ असंल. तुमाला सांगितलं असतं तर तुम्ही लेकरांना मारलं असतं. म्हणून गप बसलो."

पोरं एकमेकांचे हात बघायला लागली. पेटीला टेकून एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसायची, सगळ्यांत लहान. तिला पेटीचा आवाज पाठीत घ्यायला आवडायचा. ती माझ्या हाताकडे बघत सहज म्हणाली, "बाई, तुमच्या बी नखाला लालच हाय की."

मी हात पदराखाली घेतले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी भर अकरा वाजता पाहिलं. तेव्हा म्हणायला हवं होतं, मीच लावला. दोन शब्दांचं काम. मी म्हणाले, "टँकर आला का बघून येते," आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. टँकर आलेला नव्हता. आतून गाणं सुरू झालं आणि सूर अगदी चोख लागले होते.

उद्घाटनाच्या दिवशी पोरं धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसली. साहेब खुर्चीवर बसले. चाचांनी पेटी पुढे घेतली, वाजवण्याआधी वरची फळी उचलून धरली आणि मला हाक मारली, "सूर बघून घ्या, बाई."

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

"आमच्या वाचनालयाची रीत हाय, साहेब," चाचा म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी हेच. फळी उचलायची, "सूर बघून घ्या, बाई" म्हणायचं आणि थांबायचं. मी न बघताच मान हलवायची. ठीक आहे एवढंसुद्धा माझ्याच्याने म्हणवलं नाही. मग ते फळी ठेवायचे आणि गाणं सुरू व्हायचं. तो टोमणा होता, की आपल्यावर पुन्हा किटाळ नको म्हणून घेतलेली काळजी, की नुसती अदब, हे मला कधी कळलं नाही. मी तर त्याकडेही संशयानेच बघितलं. ते मला पोरांसमोर हिणवतात, असं म्हणून मी घरी चरफडायची. दोनेक वर्षांनी त्यांचे डोळे अधू झाले आणि येणं थांबलं. बोळात जाऊन एकदा बोलून येऊ, असं मी रोज ठरवायची. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता शिपायानेच एक दिवस सांगितलं, चाचा गेले.

आता मी नांदेडला लेकीकडे असते, विष्णुपुरीच्या बाजूला. गेल्या उन्हाळ्यात नातवाला तिथल्या एका वाचनालयात मुलांच्या गाण्याला घेऊन गेले. शिकवणारी बाई चाळिशीची असेल. मुलं बसली, तिने पेटी पुढे ओढली आणि भाता उघडण्याआधी वरची फळी उचलली. मुलं उठून रांगेने आत डोकावायला लागली.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"आमच्या चाचांची रीत आहे. आधी सूर दाखवायचे, मग गायचं. देवाला नमस्कार करतात, तसं." बोलता बोलता तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाई? लातूरच्या बाई ना तुम्ही? मी पेटीला टेकून बसायची बघा!"

नखांचं तिला काहीच आठवत नव्हतं. मी दोन-तीन वेळा आडून विचारून खात्री करून घेतली. स्वभाव कुठे जातोय?

"चाचा यांनाच तर पहिलं दाखवायचे," ती मुलांना सांगत होती. "किती मान होता बाईंचा! या ना बाई, आज तुम्हीच बघा."

सगळी मुलं बाजूला झाली. ती फळी धरून थांबली, अगदी चाचा थांबायचे तशी. मी वाकले. या वेळी खरंच बघितलं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत.

"ठीक आहेत," मी म्हणाले. "सूर तेच आहेत, चाचा."

"चाचा नाही, मी आहे बाई," ती हसून म्हणाली आणि तिने फळी खाली ठेवली.