तोंडओळख

हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

पांढरकवड्याला माझं झेरॉक्सचं दुकान. पहिली मशीन कर्जावर घेतली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आणि जामीनदार म्हणून सही केली ती सलीमने. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. हप्ता भरायला आम्ही त्याच्या सायकलवर डबलसीट जायचो. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस लटकलेला असायचा. सलीम म्हणायचा, "अबे, तारखेची वाट कायले पाहतं? दोन दिवस आधी भरत जाय. बँकवाल्यायले तुहं तोंड पाठ झालं पाह्यजे." झालंही पाठ. साहेब मला खुर्ची द्यायला लागले. काय दिवस होते — हप्ता भरला की गरम भजी, आणि भज्यांचे पैसे नेहमी त्याचेच.

मग कापसाचा भाव कोसळला, जिनिंग बंद पडली, सलीमची नोकरी गेली. मोटर वाइंडिंगचं दुकान टाकायला त्याने कर्जाचा अर्ज केला. ओळखीचा माणूस म्हणून नाव लिहिलं — माझं. दुसऱ्या कोणाचं लिहिणार होता?

चौकशीला बँकेचा माणूस माझ्या दुकानात आला. माझाही दुसऱ्या मशीनचा अर्ज त्याच शाखेत पडून होता — हेही सांगायला हवं. त्या वर्षांत बँक सगळ्यांकडेच संशयाने बघायची. उद्या सलीमचा हप्ता थकला, तर माझं नाव? "हे सलीमभाई कसे आहेत?" त्याने विचारलं. त्याच सकाळी सलीमने माझ्या शटरला ग्रीस लावून दिलं होतं. माझ्या बोटांना ते अजून होतं.

मी म्हणालो, "तोंडओळख आहे. खात्री नाही देता येत."

संध्याकाळी सलीम आला. "साहेब आलता का रे?"

"नाही बा."

तो पंधरा दिवस रोज विचारत राहिला. त्याचा अर्ज नामंजूर झाला. माझी मशीन आली — टेम्पोतून उतरवायला सलीमच होता. नंतर तो नागपूरला गेला, दुसऱ्याच्या दुकानात. अजून तिथेच आहे.

या ईदला त्याच्या घरी गेलो होतो. मुलाला नवी नोकरी लागलीय, बँकेचं क्रेडिट कार्ड मिळालंय. सलीम त्याला म्हणाला, "बँकेत नाव कसं कमवा लागते, काकाले विचार. याच्याएवढा चोख माणूस मी पाह्यला नाही."

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं — तारखेच्या दोन दिवस आधी भरत जा.

वहिनींनी शीरखुर्मा आणला. मी खाल्ला. पुन्हा वाढला, तोही खाल्ला.