शेवटच्या पोरीचा पाढा

सरोजबाई गुप्ते बाळकुमला आमच्या शाळेत आल्या तेव्हा मुलं पाढ्यांचं नाव काढलं की जांभया देत. बाईंनी आल्या आल्या चौथीत शर्यत लावली. दर शनिवारी रांगेरांगेने पाढे म्हणायचे. जिच्या चुका कमी, त्या रांगेला आठवडाभर शाळेची घंटा वाजवण्याचा मान. मी शेजारच्या तिसरीचा मास्तर. मला हे नसतं खूळ वाटलं. पण पोरं खरंच पेटली, विटीदांडू टाकून पारावर पाढे घोकू लागली.

मग तुळसा शनिवारची दिसेना. मिठागरात राबणाऱ्या धाकूची ही मुलगी, पाढ्यांत कच्ची. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा तिच्या रांगेचा म्होरक्या गुरुदत्त म्हणाला, "आम्हीच सांगितलं, शनिवारी येऊ नकोस. ती अडखळते नि रांग हरते." त्यात काही वावगं आहे, असं त्या कार्ट्याला वाटतच नव्हतं! शाळेलाच पोर नको म्हटल्यावर धाकूने तिला मिठागरावर कायमची कामाला लावली.

"बंद करा हे, बाई," मी चिडून म्हटलं.

"शर्यत नाही बंद करायची, मास्तर. नियम बदलायचा."

आणि बदललाच. यापुढे रांगेतल्या सगळ्यात कच्च्या मुलानेच पाढा म्हणायचा. ते मूल गैरहजर असेल तर रांग हरली. गुरुदत्तचे वडील प्रभाकरपंत तणतणत आले. "एका मुलीपायी माझ्या मुलाने हरायचं?"

"हरायचं नसेल तर शिकवू दे तिला," बाईंनी तोंडावर सांगितलं.

गुरुदत्त मिठागरावर गेला. धाकूने हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अख्खी रांगच गेली. "आम्ही मीठ ओढतो, तोवर तुळसाला पाढा म्हणू द्या." धाकू हसला, पण त्याने फावडं पुढे केलं. मग रोज बांधावर तुळसाचा पाढा चाले आणि धाकू काम करता करता ऐके. शनिवारपुरती त्याने तिला सोडली. सोमवारी परत कामावर, हे बजावून.

एकोणीसच्या पाढ्यात तुळसा अगदी शेवटी अडखळली. रांग हरली. गुरुदत्तचं तोंड उतरलं, पण तिला कुणी बोललं नाही. मला फार वाईट वाटलं. पोरगी आता शाळेला कायमची मुकली, असंच मी धरून चाललो.

सोमवारी प्रार्थना संपते तोच दारात धाकू उभा. पाय मिठाने पांढरे, हातात तुळसाचं दप्तर आणि मागे तुळसा.

"बाय," तो सरोजबाईंना म्हणाला, "येत्या शनवारी आपलीच रांग जिकली पायजे."